गेमवाले सर

गेमवाले सर कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. शहापुरात ते एखाद्या पतपेढीत कारकून असतात, मुरबाडला एमआयडीसीतल्या कारखान्याचे स्टोअर सांभाळतात. मात्र गळ्यात शिट्टी आणि हातात कॉर्डलेस माइक आला की सत्तरीच्या आजीसुद्धा त्यांना ‘सर’ म्हणतात. 24 आणि 25 डिसेंबरला आसनगाव ते खर्डी आणि म्हसा ते टोकावडे या पट्ट्यातल्या कोणत्याही फार्महाउसवर ते हमखास आढळतात. लाल टोपी, पांढरे बूट आणि ‘आवाज येत नाहीये!’ ही आरोळी, एवढ्या खुणा ओळखीला पुरतात.

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत ख्रिस्ती वस्ती थोडी. वसईत नाताळ पिढ्यान्‌पिढ्यांचा. तिथे मिस्सा झाल्यावर कोणाकडे जायचे आणि काय खायचे हे माणसांना सांगावे लागत नाही. शहापूर-मुरबाडकडे तो आला इंग्रजी शाळांच्या गॅदरिंगमधून आणि शनिवार-रविवारसाठी बांधलेल्या बंगल्यांतून. परिणामी संध्याकाळी सातच्या सुमाराला लॉनवर पन्नास माणसे टोप्या घालून उभी असतात आणि पुढे काय करायचे ते एकालाही ठाऊक नसते. सरांचा धंदा या पंधरा मिनिटांच्या शांततेवर उभा आहे.

त्यांचे शिक्षण मांडवात झालेले. 2004 साली दूरचित्रवाणीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झाले, आदेश बांदेकर घराघरांत भावोजी झाले आणि त्यापाठोपाठ गावोगावी ‘खेळ पैठणीचा’ रंगू लागला. निवडणुकीला उभे राहू इच्छिणारा प्रत्येक जण बायकांसाठी तो भरवतो आणि माइक सरांच्या हाती देतो. नाताळच्या कार्यक्रमात पैठणीच्या जागी केक येतो. बाकी विनोदही तेच राहतात.

पहिला खेळ नेहमी संगीत खुर्ची. मंडपवाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडतात, माणसांपेक्षा एक कमी. सुरुवात ‘जिंगल बेल्स’ने होते. अमेरिकेत 1857 साली छापून आलेल्या या गाण्यात नाताळचा उल्लेखच नाही, त्यामुळे तिसऱ्या फेरीला कोळीगीत लागले तरी तक्रार करायला जागा उरत नाही. नियम सांगायला सरांना दहा मिनिटे लागतात, खेळ चार मिनिटांत आटोपतो. पहिल्याच फेरीत कंपनीचे साहेब उभे राहिले तर सर शिट्टी फुंकतात आणि आपले प्रसिद्ध वाक्य उच्चारतात : “ही ट्रायल होती.”

साहेब पुन्हा रिंगणात. दुसऱ्यांदा साहेब बाद झाले तर गाणे चुकीच्या जागी थांबलेले असते, म्हणजे तीही ट्रायल.

तांबोल्यात हे वाक्य धोकादायक ठरते. एका तिकिटावर तीन ओळी, प्रत्येक ओळीत पाच आकडे, पिशवीत 1 ते 90. हिशोब इतका चोख की लबाडीला वाव नाही. तरीही दोन बायका एकदम ‘फुल हाउस’ ओरडल्या आणि बक्षिसाचा कुकर एकच निघाला की अख्खा डाव ट्रायल ठरतो. वीस रुपयांचे तिकीट घेतलेली मंडळी मग माइकशिवायच बोलू लागतात. मुरबाडकर त्यातल्या त्यात शांत राहतात. कल्याण-मुरबाड रेल्वेची सर्वेक्षणे ऐकत मोठ्या झालेल्या तालुक्याला ट्रायल हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही.

पार्सलच्या खेळात वर्तमानपत्राच्या घड्या उलगडताना आत चिठ्ठ्या सापडतात. ‘बेडूकउड्या मारा’, ‘सांताची नक्कल करा’ आणि, कितीही विलायती पार्टी असो, ‘उखाणा घ्या’. टोपीखालून नवऱ्याचे नाव येते, टाळ्या पडतात. सिक्रेट सांताबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. दोनशे रुपयांची मर्यादा असते आणि बहुतेकांना कप मिळतो.

टॉयलेट पेपर गुंडाळून जोडीदाराचा हिममानव करण्याचा खेळ सरांनी मोबाइलवर पाहून आणला. मुरबाडात बर्फ दिसतो तो मासळीच्या पेटीत. डिसेंबरच्या दवाने कागद ओला होऊन कमरेपाशीच तुटतो आणि दरवर्षी हा खेळ मुळातच ट्रायल म्हणून जाहीर करावा लागतो.

त्यांचा सगळ्यात चांगला खेळ मात्र पाण्याचा : ओंजळीत पाणी घेऊन धावायचे आणि पलीकडची बाटली भरायची. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचे पाणी गवतावर सांडते. स्वयंपाकाला आलेल्या गावच्या बायांना सर आग्रहाने बोलावतात आणि त्या थेंब न सांडता बाटली भरून मोकळ्या होतात. शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते, पुढे भातसाचेही जाऊ लागले. तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. सर यावर काही बोलत नाहीत. निकाल जाहीर करतात, कुकर बाईच्या हातात देतात. हा एकच खेळ असा की त्यात आजवर ट्रायल झालेली नाही.

सरांना लाळघोटे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि साहेबांच्या खुर्चीपुरते ते खरेही आहे. पण ज्यांनी पार्टी शेवटपर्यंत पाहिली त्यांना आणखी एक गोष्ट दिसते. बंगल्याच्या राखणदाराची मुले जाळीच्या कुंपणाशी उभी असतात. आठनऊ वर्षांची एखादी कातकरी किंवा ठाकर मुलगी सरांनी हाताला धरून खेळात घेतलेली असते, आणि तिला खुर्चीसाठी ढकलायचे असते हे ठाऊक नसल्याने ती पहिल्याच शिट्टीला बाहेर पडते. पाहुण्यांची मुले हसतात. सर माइक तोंडाशी नेतात. “ही ट्रायल होती.” पुढच्या वेळी गाणे बरोबर ती खुर्चीसमोर आली की थांबते, आणि मोबाइलवरचा अंगठा सरांचाच असतो. केकचा पहिला तुकडा साहेबांना, दुसरा तिला. नवी सून, तोतरा भाचा, घटस्फोटानंतर पहिल्यांदाच चारचौघांत आलेली बाई, अशा सगळ्यांना दोन्ही तालुक्यांत मिळून निदान एक ट्रायल मिळालेली आहे. साहेबांना ती आधी मिळते म्हणून बाकीच्यांना देताना कोणी हरकत घेत नाही. सरांनी हे हिशोबाने केले असेल असे वाटत नाही, पण पतपेढीतला माणूस. सांगता येत नाही.

एकतीस डिसेंबर उरकला की संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या तारखा भरतात. त्या धामधुमीतही म्हशाच्या जत्रेला, पौष पौर्णिमेला, सर काम घेत नाहीत. बैलबाजार आणि घोंगड्यांची दुकाने ओलांडून ते रिंग टाकण्याच्या स्टॉलवर जातात. पैसे देऊन मिळालेल्या रिंगा फुकट जातात. “ही ट्रायल होती,” असे ते दुकानदाराला सांगून पाहतात. दुकानदार पुन्हा पैसे मागतो आणि सर देतात.