अभिजात सिनेमे आणि किरकोळ गैरसोयी

हिचकॉकच्या 'सायको'बद्दल माझी काहीही तक्रार नाही. 1960 साली त्यांनी थिएटरवाल्यांना अट घातली होती, की खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. जिचं नाव वाचून लोक यायचे त्या जॅनेट लीचा अर्धा सिनेमा होण्याआधीच खून पडतो; उशिरा आलेला माणूस शेवटपर्यंत तिची वाट बघत बसला असता. अट रास्तच होती. फक्त, सिनेमा आधी पाहून पुन्हा वेळेवर येऊन बसलेल्या माणसाचं काय करायचं, याची तरतूद तीत नव्हती.

आमचे साडू त्या वर्गातले. त्यांनी सगळं 'अर्काइव्हला' पाहिलंय. पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये बघितलं ते बघणं, बाकीच्यांनी घरी बघितलं तो टाइमपास, असा त्यांचा सरळ हिशेब आहे. तरी शनिवारी रात्री जेवण झालं की ते आमच्याकडे येतात, सोफ्याची मधली जागा घेतात आणि रिमोट मांडीवर ठेवतात. शेवट सांगायचा नाही, हे त्यांचं तत्त्व. ते फक्त "आता बघा" म्हणतात. "हा जिना लक्षात ठेवा." "आईकडे लक्ष असू द्या, आईकडे." एवढंच.

'सायको'तलं ते सुप्रसिद्ध अंघोळीचं दृश्य सुरू झालं, तसा त्यांनी सिनेमा थांबवला आणि माहिती दिली. पडद्यावर हे जेमतेम पाऊण मिनिट, पण शूटिंगला आठवडा लागला. आणि मोरीत वाहून जातं ते रक्त नाही, चॉकलेट सिरप आहे, कारण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ते जास्त खरं दिसतं. मग त्यांनी उदार मनाने खून पुढे चालू केला. बर्नार्ड हर्मनची व्हायोलिनं किंचाळत होती, सुरी खालीवर होत होती आणि आमची ही विचारत होती, "दाजी, सिरपच्या किती बाटल्या लागल्या असतील हो?" (मी स्वतः कुणालाही शेवट सांगत नाही. आई केव्हाच मेलेली असते आणि तिची साडी, म्हणजे तिचा झगा, नेसून सगळं करतो तो मुलगाच, हे त्या रात्री मी तोंडातून काढलं नाही. इतरांनीही असा संयम पाळायला हरकत नाही.)

टीव्हीचं तर वेगळंच. 2012 साली 'साइट अँड साउंड'च्या कौलात जगातला सर्वश्रेष्ठ ठरलेला 'व्हर्टिगो' आमच्या नव्या टीव्हीवर साडेआठच्या मालिकेसारखा दिसतो. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं असतात. टीव्हीला ती कमी वाटतात, म्हणून मधली चित्रं तो पदरची घालतो. परिणामी जेम्स स्ट्युअर्ट झपाटल्यासारखा किम नोव्हाकच्या मागे निघालाय असं न वाटता, डबा विसरलेल्या सुनेमागे सासरे निघालेत असं वाटतं. 2018 मध्ये टॉम क्रूझने व्हिडिओ काढून ही सोय बंद करायला सांगितलं होतं. सांगायला काय जातंय. ती प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाने वेगळ्याच कप्प्यात दडवलीय. शोधता शोधता आमच्या टीव्हीचा मेनू कोरियन झाला आणि तो परत आणण्यासाठी लागणारी सूचनाही अर्थातच कोरियनमध्ये होती.

'ब्लेड रनर'च्या वेळी वाद आवृत्तीवरून झाला. 1982 चा हा सिनेमा सात निरनिराळ्या रूपांत दाखवला गेलाय. मूळच्यात नायकाचं निवेदन आहे, 1992 च्यात ते काढलं, 2007 ची म्हणे अंतिम. आपण चुकीची बघतोय, हे साडूंनी सव्वा तास झाल्यावर सांगितलं. त्याआधी रेचल येते ते दृश्य होऊन गेलं होतं. भव्य, अंधारं दालन. ती सिगारेट पेटवते, धूर उजेडात तरंगत राहतो आणि ती माणूस आहे की बनवलेली, हे ठरवायला नायक डेकार्ड तिला प्रश्न विचारत जातो. नेमकं तेव्हा खाली धूम्रपानाचा इशारा उमटला. टीव्ही आणि थिएटरला हा नियम 2012 पासून आहे, 2023 पासून ओटीटीलाही आला. सबटायटल्सही खालीच असल्याने प्रश्न कोणता आणि इशारा कोणता, हे आम्हाला अंदाजाने ठरवावं लागलं. शिवाय ती माणूस नसेल तर तिच्या आरोग्याला नेमकी कसली हानी, याचा नियमात खुलासा नाही.

भविष्याचे सिनेमे काढणाऱ्यांनी दिलेल्या तारखाही कुणी तपासत नाही. 'ब्लेड रनर' घडतो नोव्हेंबर 2019 मध्ये आणि त्यात मोटारी उडतात. त्या नोव्हेंबरात मी कर्वे रोडला मेट्रोच्या पत्र्यांमधून वाट काढत होतो. 'सॉयलेंट ग्रीन'मध्ये 2022 साली सरकारमान्य वड्या माणसांच्याच निघतात. तेही वर्ष आलं आणि गेलं.

त्यातल्या त्यात क्युब्रिकचा '2001: अ स्पेस ओडिसी' प्रामाणिक. तो 1968 चा. सुरुवातीला जवळजवळ तीन मिनिटं पडदा नुसता काळा असतो आणि मागे लिगेटीचं संगीत. पहिल्या मिनिटाला आम्ही वायर काढून फुंकर मारली. दुसऱ्या मिनिटाला टीव्हीच्या पाठीवर थाप. तिसऱ्याला हिने केबलवाल्याला फोन लावला आणि तो "राउटर बंद करून चालू करा" म्हणाला. साडू हे सगळं डोळे मिटून, मान डोलवत ऐकत होते. नंतर माकडं आली. पहिला शब्द ऐकू यायला पंचवीसेक मिनिटं लागली.

पण त्यातला डॉक्टर फ्लॉइड अंतराळस्थानकावरून मुलीला व्हिडिओ कॉल करतो आणि बिल होतं एक डॉलर सत्तर सेंट. एवढं भाकीत मात्र खरं ठरलं, उलट आता ते फुकट आहे, म्हणून आमच्या आत्या रोज करतात. आणि तो हॅल हा संगणक! दार उघडायला नकार देतो, पण नाव घेऊन, दिलगिरी व्यक्त करून. आमच्या बँकेचं यंत्र मला नऊ दाबायला लावतं आणि फोन ठेवतं.

गेल्या शनिवारी तारकोव्हस्कीचा 'सोलारिस' होता. 1972 चा, पावणेतीन तास. कथा अंतराळात जाण्याआधी त्यात एक माणूस मोटारीतून शहरात जातो. भविष्यातलं शहर म्हणून हे टोकियोत टिपलंय. बोगदा, उड्डाणपूल, बोगदा, पुन्हा उड्डाणपूल, असं जवळजवळ पाच मिनिटं.

"हे कुठे निघालेत?" हिने विचारलं.

"तेच तर!" साडू म्हणाले.

त्यांच्या मुलाने तेवढ्यात मोबाइलवर शोधून काढलं, की याच गोष्टीवर सोडरबर्गने 2002 साली सिनेमा केलाय, जॉर्ज क्लूनीला घेऊन, नव्व्याण्णव मिनिटांचा. "काका, मग आपण हा का बघतोय?" असं त्याने विचारलं. त्याच्या वडिलांना नाही, मला. वडील उत्तरासाठी माझ्याकडे बघत होते आणि टीव्हीवर बोगदा चालूच होता.