लूज कॉन्टॅक्ट काका

सहकारी गृहनिर्माण संस्थेत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही तीन पदं उपविधींप्रमाणे भरावी लागतात आणि ती घ्यायला सहसा कोणी तयार नसतं. चौथ्या पदाचा उपविधींत उल्लेख नाही, त्याला मुदत नाही, तरी ते कधी रिकामं राहत नाही. ते पद म्हणजे 'कॉम्प्युटरमधलं कळणारे काका'. कुणाच्या डेस्कटॉपचा मॉनिटर मिचमिच करायला लागला, चित्र क्षणभर काळं होऊन परत यायला लागलं, की फोन सर्व्हिस सेंटरला जात नाही, तिसऱ्या मजल्यावर निरोप जातो. काका येतात. चपला दाराबाहेर, टेस्टर शर्टाच्या खिशात. स्क्रीनकडे बघण्याआधी ते घरातल्या सगळ्यात लहान मुलाकडे बघतात आणि विचारतात, "काय रे, काही डाउनलोड केलं होतंस का?" मुलगा नाही म्हणतो. त्यानं केलेलं असतं, पण त्याचा या दुखण्याशी संबंध नसतो. मग काका टेबलाखाली शिरतात आणि तिथून आवाज येतो, "लूज कॉन्टॅक्ट." माझं म्हणणं एवढंच, की या गृहस्थांना आपण निदान करणारे समजतो ते चूक आहे. ते समाधान करतात. ही दोन वेगळी कामं आहेत हे त्यांना ठाऊक नाही आणि आपल्याला ठाऊक करून घ्यायचं नाही.

आधी त्यांच्या बाजूनं जे बोलायचं ते बोलून घेतो, कारण ते बरंच आहे. काकांचा पहिला अंदाज पुष्कळदा खरा ठरतो. १९८७ साली आयबीएमच्या संगणकांबरोबर आलेल्या व्हीजीएच्या निळ्या जोडणीला दोन बाजूंना दोन स्क्रू असत. ते पिळून बसवले की केबलला कुत्रं बांधलं तरी ती निघत नसे. एचडीएमआयची केबल २००२ च्या अखेरीस आली ती टीव्हीच्या दुनियेतून, आणि तिच्या नेहमीच्या टोकाला ना स्क्रू, ना खिट्टी. ती नुसती खोचलेली असते. त्यात आपल्याकडे डेस्कटॉपचा डबा, ज्याला अख्खा महाराष्ट्र 'सीपीयू' म्हणतो, टेबलाखाली असतो, जिथे सकाळी केरसुणी, मग पोछा आणि संध्याकाळी मुलांचे पाय हजेरी लावून जातात. अशा केबलनं सैल होऊ नये तर काय करावं? तेव्हा केबल काढून नीट दाबून बसवणं ही अंधश्रद्धा नव्हे, उत्तम पहिली पायरी आहे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरला काका कुशीत थप्पड मारत, त्यालाही अर्थ होता. आतला एखादा डाग, म्हणजे सोल्डरिंग, सुटलेला असे आणि धक्क्यानं तो तात्पुरता टेकत असे. काकांची कीर्ती पोकळ पायावर उभी नाही. प्रश्न दुसऱ्या पायरीपासून सुरू होतो.

दुसऱ्या पायरीला काकांना सगळंच एकदम सुचतं. केबल बसवून झाली की ते सीपीयूची बाजू उघडतात, रॅम काढून तिचे सोनेरी दात मुलाच्या कंपासमधल्या खोडरबरानं घासतात, धूळ फुंकतात, प्लग दुसऱ्या बोर्डवर नेतात, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकतात आणि सेटिंगमध्ये शिरून "हर्ट्झ वाढवू या" म्हणतात, म्हणजे चित्र सेकंदाला जास्त वेळा उमटवू या. हे शेवटचं तर निव्वळ पूर्वजन्मीचं ज्ञान. पिक्चर ट्यूबच्या काळात ६० हर्ट्झला स्क्रीन खरोखरच डोळ्यांना थरथरताना दिसायची आणि ७५ किंवा ८५ ला शांत व्हायची, कारण ट्यूबवरचं चित्र उमटताक्षणी विझू लागे. आजच्या एलसीडीवरचा ठिपका पुढचं चित्र येईपर्यंत तसाच धरून ठेवला जातो, त्यामुळे निव्वळ ६० हर्ट्झ म्हणून तो लुकलुकत नाही. पण ट्यूब गेली, उपाय राहिला. एवढं सगळं करून संगणक चालू होतो, चित्र स्थिर दिसतं, घरात सुटकेचा निःश्वास पडतो. नेमकं कशानं बरं झालं, असं विचारलं तर काका त्या सहा उपायांतला सगळ्यात भारदस्त निवडतात. "रॅम होती." रॅमनं सहसा असं काही केलेलं नसतं.

हे टाळण्याजोगं आहे, आणि टाळायला अभियंता असावं लागत नाही. मॉनिटरच्याच बटणानं त्याचा स्वतःचा मेनू उघडायचा. मागचं चित्र फडफडतंय पण मेनू स्थिर आहे, तर मॉनिटरचा दिवा आणि पॅनेल बहुधा ठीक आहेत, चोर त्याच्या अलीकडे आहे, केबलमध्ये किंवा सीपीयूत. मेनूही सोबत फडफडला, तर रॅम घासून काय होणार? संशय मॉनिटर आणि त्याच्या वीजपुरवठ्यावरच जातो. दुसरी कसोटी खुद्द मायक्रोसॉफ्टनं सांगितलेली आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा. बाकी सगळ्याबरोबर तोही लुकलुकत असेल तर बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोषी, आणि तो तेवढा स्थिर असेल तर एखादं न जुळणारं अॅप. दोन्ही चाचण्यांना स्क्रूड्रायव्हर लागत नाही, चहा निवायच्या आत दोन्ही उरकतात. काका त्या करत नाहीत, याचं कारण अज्ञान असेल असं मला वाटत नाही. या चाचण्यांनी काही बरं होत नाही, फक्त कळतं. आणि काकांना कळण्यासाठी बोलावलेलं नसतं.

यावर कुणीही म्हणेल, चित्र स्थिर झालं ना, मग कशानं झालं याच्याशी काय देणंघेणं? देणंघेणं असं, की अधूनमधून येणारा दोष अधूनमधून जातोही, आणि काका नेमके त्या जाण्याच्या वेळी हजर असतात. बऱ्याच एलईडी मॉनिटरांत ब्राइटनेस कमी केला की मागचा दिवा मंद होत नाही. तो सेकंदाला काहीशे वेळा बंद-चालू होतो आणि डोळ्याला तेच मंद वाटतं. काही डोळ्यांना मात्र ते खुपतं, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर काळे पट्टेही सरकताना दिसतात. वहिनी रात्री जीएसटीचं रिटर्न भरायला बसतात, ब्राइटनेस उतरवतात आणि डोळे दुखायला लागतात. काका येतात रविवारी सकाळी, लख्ख उजेडात, ब्राइटनेस शंभरावर. दोष कुठून दिसणार? नवा फोर-के मॉनिटर जुन्या केबलवर ६० हर्ट्झनं चालवला की सेकंदाला अठरा गिगाबिटचा लोंढा तिला पेलत नाही आणि चित्र मध्येच काळं पडतं. काका ३० हर्ट्झ करतात, काळं पडणं थांबतं, माउसचा बाण मात्र अडखळत चालायला लागतो आणि त्यासाठी त्यांना वेगळं बोलावलं जातं. मुलाच्या गेममध्येच उजेड खालीवर होतो तेव्हा गेमबरोबर हर्ट्झ खालीवर करणारी मॉनिटरची फ्रीसिंकसारखी सोय बंद करून बघायला हवी. काका गेमच काढून टाकतात, जे पालकांच्या दृष्टीनं गुणकारीच. आणि सोसायटीच्या पाण्याची मोटर सुरू होताना ज्या घरात दिवेही डोळा मारतात, तिथल्या मॉनिटरची केबल कितीही दाबली तरी मोटर तिच्या ठरल्या वेळी सुरू होणारच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लॅमिंग्टन रोडवरचा किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतला कारागीरही वस्तू बदलूनच बघतो, मग काकांनाच का धरायचं? फरक असा, की कारागीर चालू असल्याची खात्री असलेली एक केबल लावतो आणि बाकी कशाला हात लावत नाही. चित्र सुधारलं तर केबल, नाही तर ती काढून पुढची वस्तू. काकांची प्रत्येक भेट हा मात्र सार्वत्रिक निवडणुकीसारखा प्रकार, सगळे एकदम बदलायचे आणि नंतर कोण का पडलं यावर चर्चा. तरीही दोष एकट्या काकांना देता येत नाही. ते पैसे घेत नाहीत, फार तर पोहे घेतात. त्यांच्या पाठीमागे घरातली चारपाच माणसं उभी असतात, त्यांतल्या निम्म्यांना काही तरी सुचत असतं. अशा वेळी एखाद्यानं फक्त केबल बदलली आणि म्हणाला, "आता दोन दिवस काही करू नका, नुसतं लक्ष ठेवा, कधी फडफडतं ते लिहून ठेवा," तर तो बरोबर असेल, पण पुन्हा त्याला कुणी बोलावणार नाही. त्याला काही येत नाही असा बोभाटा होईल. आपल्याला धूळ उडालेली दिसावी लागते, झाकण उघडलेलं दिसावं लागतं. काका तेवढं देतात. एका अर्थी हे पद आपणच निर्माण केलंय आणि पोह्यांवर चालवतोय.

निदान आणि समाधान वेगळं असल्याचा सगळ्यात सुरेख पुरावा खुर्चीचा आहे. डिस्प्लेलिंक ही मॉनिटर जोडण्याचं तंत्रज्ञान बनवणारी कंपनी आपल्या ग्राहकांना गंभीरपणे सांगते, की गॅसच्या दांडीवर खालीवर होणाऱ्या ऑफिसच्या खुर्चीत कुणी बसलं किंवा उठलं, की विद्युतचुंबकीय धक्का निघू शकतो, तो व्हिडिओच्या केबलला लागतो आणि स्क्रीन क्षणभर जाते. उपाय म्हणून केबलवर फेराइटचं कडं चढवायचं. खुर्च्यांतून निघणाऱ्या अशा स्थिर विजेवर डग्लस स्मिथ या अभियंत्यानं १९९३ सालीच निबंध लिहिला होता. हे काकांना सांगून बघा. लूज कॉन्टॅक्ट, व्हायरस, व्होल्टेज, मुलाचा गेम, यांतलं काहीही ते मान्य करतील. खुर्ची? ते हसतील. खुर्ची ही बसायची वस्तू आहे, आणि काका आल्यावर घरातली ती एकमेव चाकांची खुर्ची मानानं त्यांच्यापुढेच सरकवलेली असते. ते तीत धपकन बसतात, स्क्रीन काळी होते. "बघा, माझ्यासमोरच गेली," ते समाधानानं म्हणतात. टेबलाखाली वाकायला म्हणून उठतात, ती पुन्हा जाते. आता शंकेला जागा नसते. "मदरबोर्ड," काका म्हणतात, आणि वहिनी नव्या संगणकासाठी पैशांची जुळवाजुळव सुरू करतात.