पाय बुडवून या

सातारा-सांगलीकडे हल्ली चार गावांत मिळून एक तरी आप्पा सापडतो. बँकेतून नाहीतर साखर कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतलेला, हातात फंडाचे पैसे आणि कानात कुणीतरी फुंकलेला 'जोडधंदा'. त्यानं आधी जर्सी गाई केल्या, मग उस्मानाबादी शेळ्या केल्या, कोंबड्या तर दोनदा केल्या. शेवटी एकदा कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आला आणि जेवता जेवता म्हणाला, "आता यॉर्कशायर." वहिनींना वाटलं, उशिरा का होईना, परदेशाची सहल ठरली. आठवड्यानं टेंपोतून दहा पांढऱ्याफेक माद्या आणि एक नर उतरला, तेव्हा यॉर्कशायर ही डुकरांची जात आहे हे त्यांना कळलं.

डुकरं पाळणाऱ्याकडे जायचं म्हटलं की लोक नाकाला रुमाल लावूनच निघतात. प्रत्यक्षात गावात सोवळं उरलंय ते आप्पाच्या शेडवरच. दारात सिमेंटचं उथळ टाकं, त्यात जंतुनाशकाचं पांढुरकं पाणी. आल्या माणसानं आधी त्यात पाय बुडवायचे, मग शेडचे गमबूट चढवायचे आणि मग उलटतपासणीला उभं राहायचं. काल कुठे होता? दुसऱ्या कुणाच्या फार्मवर गेला होता का? डब्यात काय आणलंय? तलाठी असो की सख्खा मेहुणा, सुटका नाही.

याला कारण आहे. 2020 साली आफ्रिकन स्वाइन फीवर आसाम-अरुणाचलात शिरला, भारतात पहिल्यांदाच. माणसाला त्यानं काही होत नाही, पण डुकरांत शिरला की शेड रिकामं करूनच निघतो. त्यावर औषध नाही, आपल्याकडे लसही नाही. विषाणू बुटाच्या तळाला चिकटून येतो, टेंपोच्या चाकावरून येतो, मांसाच्या तुकड्यात महिनोन्महिने टिकतो. हॉटेलच्या खरकट्यातला सॉसेजचा एक तुकडा पुरे. हा रोग येण्याआधी आप्पा कुणाच्याही लग्नात आचाऱ्याशी खरकट्याचा सौदा पक्का करून मगच अक्षता टाकायला मांडवात यायचा. आता खरकटं बंद. मका, सोयापेंड, क्षार सगळं तोलूनमापून. खरकटं घेणारच असाल तर अर्धा तास खळखळून उकळा, असं तो इतरांना सांगतो, आणि त्यांनी 'हो' म्हटलं तरी विश्वास ठेवत नाही.

डुकराचं अंग मुळातच गरम. 102 फॅरनहाइट म्हणजे तब्येत ठणठणीत. हा आकडा आप्पाच्या डोक्यात इतका घट्ट बसलाय, की मागच्या पावसाळ्यात वहिनी तापानं फणफणल्या तेव्हा थर्मामीटर उजेडाकडे धरून तो म्हणाला, "एकशे दोन? नॉर्मल आहे. खाणं सोडलंय का तेवढं सांग." भाचीच्या डोहाळजेवणातही असंच. नववा महिना ऐकून त्याला तिची खरोखर कीव आली. "आमच्याकडे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. दहा-अकरा पिल्लं. आणि कुणी गाणी म्हणायला बसत नाही." तेव्हापासून त्याला बायकांच्या कार्यक्रमाला बोलावत नाहीत.

उन्हाळ्यात घरात एक पंखा, तोही खडखडणारा, आणि माद्यांच्या डोक्यावर फॉगर. वहिनींनी विषय काढला की आप्पा शास्त्र सांगतो. डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल; म्हणून ते चिखलात लोळतं, हौस म्हणून नव्हे. गोरी कातडी उन्हानं भाजते. "तुला घाम येतो ना? मग!" पुतण्याच्या पुण्यातल्या होस्टेलवर गेला तेव्हा त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला, "जागा मिळाली तर डुक्कर एका कोपऱ्यात झोपतं, दुसऱ्या कोपऱ्यात घाण करतं. तुझ्या खोलीत मला कुठला कोपरा कशाचा तेच कळेना."

मादी विते त्या रात्री मात्र आप्पाची बडबड बंद. एकेक पिल्लू हातात घेतो, नाकातोंडावरचा चिकटा पुसतो, नाळेला आयोडीन लावतो आणि बल्बखालच्या उबेत सोडतो, कारण एवढं मोठं धूड कूस बदलताना पिल्लावर कधी बसेल नेम नाही. मग आचळांची वाटणी सुरू होते. पुढच्या आचळांना दूध जास्त, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस नुसती धुमश्चक्री. सुईसारखे दात घेऊनच जन्मलेली असतात ती. एकदा वाटणी झाली की ज्याचं आचळ त्याचं, शेवटपर्यंत. भाऊबंदकीत एवढा झटपट निकाल मी तरी पाहिलेला नाही. पाजायच्या वेळी मादी आडवी होऊन संथ हुंकारते, हुंकार जलद होतात, आणि मग दूध येतं ते जेमतेम वीस सेकंद. त्या वीस सेकंदांत आप्पा कुणाला शिंकूही देत नाही. सगळ्यात मागच्या किरट्या पिल्लाला उचलून तो पुढच्या आचळाला लावू पाहतो. धटिंगण भाऊ त्याला ढकलतो. आप्पा त्या भावाला चारचौघांत सांगता येणार नाहीत अशा शिव्या देतो आणि बाटली शोधायला निघतो. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन. आईच्या दुधात लोह अपुरं, आणि सिमेंटच्या जमिनीवर माती उकरायला मिळत नाही. डॉक्टर सुई टोचतात तेव्हा आप्पा भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.

डुकरं कंटाळली की एकमेकांच्या शेपट्या चावतात, म्हणून शेडमध्ये टायर टांगलेत, साखळ्या टांगल्यात, फुटबॉल आणलेत. चार दिवसांत जुन्या खेळण्याला ती विटतात, की आप्पा नवं आणतो. मुलाला लहानपणी एकच बॅट मिळाली होती, तीही चुलतभावाची. त्या मुलाला आता आप्पा ऐकवतो, की केंब्रिजच्या डुकरांनी आरशात बघून मागं लपवलेलं खाणं शोधलं, आणि अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात हॅम्लेट आणि ऑम्लेट नावाची डुकरं नाकानं जॉयस्टिक हलवून पडद्यावरचा खेळ खेळली. "आणि तुला अजून साधी बायको शोधता येईना!"

स्थळं येत होती. अडत होतं बापाच्या धंद्यावर. बायोडेटात वहिनींनी 'शेतीपूरक व्यवसाय' असं लिहवून घेतलं होतं. शेवटी एक मंडळी घर बघायला आली आणि चहा झाल्यावर मुलीचे वडील म्हणाले, "व्यवसाय बघूया की." वहिनी देवाचा धावा करायला लागल्या. आप्पानं पाहुण्यांना नव्याकोऱ्या कोल्हापुरी पायताणांसकट टाक्यापर्यंत नेलं आणि म्हणाला, "बुडवा."

त्यांनी बुडवले.

"काल कुठे होता?"

पाहुणे जरा चाचरले. "काल... कराडला. एक दुसरं स्थळ बघायला."

वहिनींनी कपाळावर हात मारला. आप्पाचा चेहरा गंभीर झाला. "त्यांच्याकडे डुकरं आहेत?"

"नाहीत हो! मेडिकलचं दुकान आहे."

"मग काही हरकत नाही," आप्पा म्हणाला आणि त्यानं गमबूट पुढे केले.

चार दिवस निरोप नाही. पाचव्या दिवशी फोन आला. वहिनींनी नकार ऐकायची तयारी करून स्पीकर लावला. पलीकडून मुलीचे वडील दबक्या आवाजात बोलत होते. "पत्रिका जुळतेय. ते बोलू सावकाश. पण आप्पासाहेब, केंद्राच्या त्या पशुधन योजनेत निम्मं अनुदान मिळतं म्हणाला होता, ते खरं का?"

"शंभर माद्या, दहा नर, तीस लाखांपर्यंत," आप्पा पुढे सरसावून बसला. "पण आधी मला सांगा, उन्हाळ्यात तुमच्या विहिरीला पाणी किती असतं?"