निरुपद्रवी सिनेमाचा धोका

२००७च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या भाविक आईबापांपुढे शब्दशः धर्मसंकट उभं राहिलं. फिलिप पुलमनच्या कादंबरीवरचा ‘द गोल्डन कंपास’ लागला होता. मूळ पुस्तकात धर्मसत्तेवर सडकून टीका. म्हणून पटकथेतून धर्म आधीच वस्त्रगाळ करून काढलेला. तरी ‘कॅथलिक लीग’ या संघटनेने बहिष्काराची हाक दिलीच. कारण ऐका: सिनेमा सौम्य आहे, म्हणूनच घातक! पोरांना तो आवडेल, मग नाताळला ती पुस्तकं मागतील, आणि (देवा!) वाचतीलही.

मूल हट्टाने जाडजूड पुस्तक मागेल, ही भीती बाळगायचं भाग्य किती पालकांना लाभतं?

पुस्तक १९९५चं, कार्नेगी पदक मिळवलेलं. बारा वर्षांनी पोस्टर झळकलं तेव्हा कुठे अनेक घरांना त्यातला नास्तिक दिसला. पोराच्या हाती द्यावं की नाही, हे ठरवायला आधी स्वतः वाचावं, इतका आततायी उपाय फार थोड्यांना सुचला असावा. शिवाय या कादंबरीमालेत स्वतःला देव म्हणवणारा म्हातारा मरतो तो तिसऱ्या खंडात. तिथवर पोचायचं तर आधीचे दोन संपवावे लागतात.