लॅम्डानाना

ऑकलंडच्या मराठी मंडळींत नानांना "गाडी ॲव्हरेज किती देते?" असं जुना माणूस विचारत नाही. नवखा विचारतो आणि त्याचं जेवण थंड होतं. "ॲव्हरेजचं नंतर. लॅम्डा किती आहे?" इथून नाना सुरू होतात. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा मिळाली की हिशेब चुकता, लॅम्डा एक. पेट्रोल जास्त झालं तर मिक्स्चर रिच, प्लग काळा आणि खिसा हलका. हवा जास्त झाली तर लीन, आणि चढावर भार असताना फार लीन गेलं तर पिस्टनला भोक. यातलं एक अक्षर खोटं नाही. नाना चुकत नाहीत, फक्त थांबत नाहीत.

इथे कधी आलात असं विचारलं तर ते १९९६ असं सरळ सांगत नाहीत. "पेट्रोलमधलं शिसं गेलं ना, त्या वर्षी." शिशाने ऑक्सिजन सेन्सर मरतो, त्यामुळे न्यूझीलंडने ते बंद करणं हा नानांना आपल्या स्वागताचा भाग वाटतो.

या वेडाचं मूळ पुण्यात आहे. त्यांची चेतक काळा धूर मारायला लागली की मिस्त्री कान तिरपा करून स्क्रू फिरवायचा आणि म्हणायचा, "अर्धा आटा सोडलाय, साहेब." स्कूटर सुधारायची, पण नाना अस्वस्थ. अर्धाच का? मोजला कुणी?

इकडे आल्यावर सगळ्यांसारखी त्यांनीही जपानहून आलेली जुनी कोरोला घेतली. तिला नानांची गरजच नव्हती. एक्झॉस्टमधला सेन्सर जळून उरलेला ऑक्सिजन हुंगतो, कॉम्प्युटर तिथल्या तिथे पेट्रोल कमी-जास्त करतो. १९७६ साली बॉशने व्होल्व्होला असा सेन्सर बसवला आणि जगभरच्या नानांच्या पोटावर पाय आला. मग त्यांनी जुनी मिनी आणली. एसयू कार्बोरेटरवाली, एकेकाळी याच देशात जोडली जायची तसली. "कोरोला चालवायला, मिनी मोजायला," असं काकू पाहुण्यांना सांगतात.

एसयूचं मिक्स्चर तपासायला एक पैसा लागत नाही. कार्बोरेटरमधला पिस्टन किंचित उचलायचा. इंजिनचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर रिच, बंद पडायला आलं तर लीन, क्षणभर वाढून जागेवर आला तर बरोबर. मग खालचा षटकोनी नट एकेक बाजू फिरवत जायचं. ही रीत नानांइतकी सोपी करून कुणी सांगत नाही. सांगून झालं की म्हणतात, "पण कानाचा लॉग निघत नाही."

म्हणून उपकरणं. आधी काचेचा प्लग आला. त्यातून आतली ज्योत दिसते: निळी तर ठीक, पिवळी तर रिच. उजेडात नीट दिसत नाही म्हणून रात्री गॅरेजचे दिवे मालवून नाना इंजिनावर ओणवे, आणि काकू नाइटगाउनवर स्वेटर चढवून ॲक्सिलरेटर दाबायला. नंतर नॅरोबँड सेन्सरचा गेज. तो ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या मध्ये उड्या मारतो. रिच की लीन एवढंच सांगतो, किती ते नाही. नानांनी तो आठवड्यात काढला.

मग नेमका आकडा सांगणारा वाइडबँड सेन्सर, आणि इथे ग्रंथाला सुरुवात झाली. बॉशचा एलएसयू ४.२ घ्यावा की ४.९? ४.२ अधूनमधून मोकळ्या हवेत धरून कॅलिब्रेट करावा लागतो, ४.९ला ते लागत नाही. कंट्रोलर गेजमध्येच हवा की वेगळा? क्राइस्टचर्चच्या लिंक कंपनीचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पुढेमागे बसवला तर त्याला जोडता येईल का? "कार्बोरेटरच्या मिनीला ईसीयू?" असं मी विचारलं. "अरे, उद्या बसवला तर?" लेकीने स्वतःच लग्न जमवल्यामुळे स्थळांचा तक्ता करायची नानांची हौस राहून गेली होती, ती इथे फिटली. किंमत, पंधरा टक्के जीएसटी, बोटभर वस्तूला हातभर टपालखर्च, सगळ्याला रकाने. शेवटी सेन्सर अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याच्या मोज्यात घालून आला. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने चकलीची भाजणी बघून सोडली आणि सेन्सरकडे मात्र बराच वेळ टक लावून पाहिलं.

तो बसला, चालला, आणि नानांना शंका आली की तो खरं बोलतो कशावरून? पडताळ्याला दुसरा घेतला. एक १३.१ दाखवतो, दुसरा १३.४. आता पंच म्हणून तिसऱ्याचा तक्ता चालू आहे.

चाचणी दक्षिणेला बॉम्बे हिल्सच्या चढावर. बॉम्बे नावाच्या जहाजातून आलेल्या वसाहतवाल्यांनी दिलेलं हे नाव नाना शुभशकुन मानतात. मागच्या शनिवारी मी शेजारच्या सीटवर लॅपटॉप घेऊन.

"आकडा?"

"बारा पॉइंट आठ!"

"ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय. आता?"

"बारा पॉइंट सहा!"

"वा! अजून ओरड, इंजिनचा आवाज आहे."

मटक्याचा आकडा फुटावा तसा मी ओरडत होतो, आणि मागून दुधाचा टँकर भोंगा वाजवत होता. साडेबारा ते तेराच्या मध्ये जोर सर्वांत चांगला मिळतो, म्हणजे गाडी उत्तम होती. गेल्या खेपेलाही उत्तमच होती. वॉरंट, म्हणजे इथलं गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट, काढायला नेली तेव्हा तपासनिसाने नुसतं डोळ्यांनी बघितलं, धूर नाही, पास! नाना हिरमुसले. "आपल्याकडे पीयूसीच्या कागदावर निदान आकडा तरी छापतात."

गॅरेजमध्ये गणपतीशेजारी बर्ट मन्रोचा फोटो आहे. इन्व्हरकार्गिलच्या या म्हाताऱ्याने १९२०ची इंडियन मोटरसायकल घरच्या घरी सुधारत नेली, पिस्टनसुद्धा स्वतः ओतले, आणि १९६७ साली अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर हजार सीसीखालचा विक्रम केला. नाना त्याला रोज उदबत्ती ओवाळतात. माझ्या मते मन्रोला हे आवडलं नसतं. त्याने सगळं बनवलं. नानांनी सगळं निवडलं. पण निवडीतही तपश्चर्या असते, हे काकूंकडे बघून पटतं.

यंदा मंडळाच्या गणेशोत्सवात मोदकांचं पाणी उकळेना. मोठी शेगडी पिवळी भडकत होती, पातेल्यांची बुडं काजळीने काळी. अध्यक्ष नवीन शेगडी भाड्याने आणायला निघालेले. नाना आले, खाली वाकले, "रिच आहे," म्हणाले आणि बर्नरच्या नळीवरची हवेची चकती बोटाने सरकवली. ज्योत निळी झाली आणि फुरफुरायला लागली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकू तर चक्क लाजल्या.

नाना मात्र पातेल्याकडे नाराजीने बघत उभे.

"काय झालं, नाना? झालं की काम."

"अंदाजाने झालं रे. प्रोपेनला १५.७ लागतात, आता इथे किती आहेत कुणास ठाऊक." आणि खिशातून फोन काढून त्यांनी नवा तक्ता उघडला.