हळद लागली, साड्या भिवंडीत

"बाय, ऐकलंस का? साड्या आल्या गो!"

आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीपलीकडे काकूंचं घर आहे. सिडकोने जमिनीच्या बदल्यात दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बांधलेलं, पुढे तुळस, मागे सुकट वाळवायला मोकळी जागा. त्या भिंतीवर गोधडी टाकताना काकू जे सांगतात ते उलव्यात दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असतं.

"कुठल्या साड्या, काकू?"

"अगो, पुतणीच्या हळदीच्या! हळद झाली, लगीन झालं, पोरगी पाचपरतावणाला येऊन परत गेली. आणि आज सकाळी पोऱ्या खोका घेऊन दारात उभा!"

आगरी हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे दुःख कळायचं नाही. लग्न एक वेळ साधं होईल, पण हळद साधी होत नाही. मांडव, बँजो, धवलारणीची गाणी, आणि अलीकडे घरातल्या झाडून सगळ्या बायकांना एकसारख्या साड्या. काकूंच्या सुनेने इन्स्टाग्रामवरच्या एका पेजवरून पंचवीस पिवळ्या साड्या मागवल्या. पैसे आगाऊ दिले. "बुधवारपर्यंत नक्की पोचतील ताई" असं उत्तर आलं, वर हात जोडल्याचं चित्र. हळद शुक्रवारी होती.

बुधवारी ट्रॅकिंग बघावं तर भिवंडी. गुरुवारीही भिवंडीच. आपल्याकडचं कुठलंही पार्सल भिवंडीच्या गोदामात मुक्काम केल्याशिवाय पुढे सरकत नाही, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय. शुक्रवारी संध्याकाळी मात्र कहर झाला. मांडवात दोनशे माणूस, बँजो जोरात, आणि सुनेच्या मोबाईलवर मेसेज काय? 'ग्राहक पत्त्यावर उपलब्ध नाही.'

"उपलब्ध नाही?" काकूंचा आवाज अजून चढतो. "आख्खा गाव उपलब्ध होता!"

तर झालं असं की तो मुलगा सेक्टर एकोणीसमध्ये गेला होता, पण खारघरच्या. आपल्याकडे प्रत्येक नोडला तेच ते सेक्टर. नेरुळलाही एकोणीस, खारघरलाही एकोणीस, उलव्यातही एकोणीस. त्यात सुनेने पत्त्यात नुसतं 'सेक्टर १९, नवी मुंबई' लिहिलेलं. उलवे हा शब्दच नाही. पिन तेवढा बरोबर होता, ४१०२०६. पण तो पनवेलचाही पिन. पत्त्यात नवी मुंबई, पिन पनवेलचा, जिल्हा रायगड, आणि आपण ना नवी मुंबई महापालिकेत ना पनवेल महापालिकेत. त्या पोऱ्याला मी तरी दोष देणार नाही. पार्सलमागे चार पैसे मिळतात, त्यात तो किती सेक्टर शोधणार?

गंमत बघा, पिन कोडची पद्धत ज्यांनी बसवली ते आपलेच, श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रात डाक खात्यात मोठे अधिकारी, आणि वर संस्कृतात नाटकं-काव्यं लिहिणारे. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला तो एकाच नावाच्या गावांचा घोळ मिटावा म्हणून. तेव्हा इथे भातशेती आणि मिठागरं होती. आता शेजारी विमानतळ आला, समोरून अटल सेतू गेला, न्हावाशेव्याला जगभरचे कंटेनर उतरतात, आणि पंचवीस साड्या खारघरला जाऊन परत भिवंडीला.

"ते जाऊ दे," काकू म्हणाल्या. "पेजवाली काय म्हणते माहितीये? ताई, आमचं काम पाठवायचं. उशीर कुरिअरचा झाला, तुम्ही त्यांच्याशी बोला."

इथे दुसऱ्या मजल्यावरचे काका भिंतीपाशी थांबले. टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमधून निवृत्त झालेले. संध्याकाळची फेरी मारताना 'उशीर' हा शब्द कानावर पडला की पाय आपोआप थांबतात.

"असं कसं? कुरिअरला पैसे तुम्ही दिलेत का?"

"नाही. साडीच्या पैशात धरलेले."

"मग कुरिअर त्या बाईंचा माणूस. तुमचा व्यवहार त्यांच्याशी."

आणि काका सुटले. २०२० च्या जुलैत ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम आले. त्यात साफ लिहिलंय की विक्रेत्याने सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा आला, तर तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. सूट फक्त कुणाच्याच हातात नसलेल्या संकटापुरती. म्हणजे महापुराने रस्ते बंद पडले तर गोष्ट वेगळी. "खारघरला फेरी मारून आलो हे काही दैवी संकट नव्हे," काका म्हणाले.

"पण ती तर घरातून विकते, काका. दुकान थोडंच आहे?"

"रोज विकते ना? मग धंदाच झाला. तुम्ही नातवाचा जुना पाळणा एकदा विकलात तर त्याला हे नियम नाहीत. दर आठवड्याला लाईव्ह येऊन साड्या विकणारी मात्र विक्रेतीच."

काकूंनी गोधडी झटकली. चेहरा उजळला होता. "मग सगळ्या साड्या परत!"

"न वापरलेल्या," काका म्हणाले.

काकू जरा गप्प झाल्या. थोरल्या सुनेने दुपारीच एक नेसून फोटो काढला होता, हे मला खिडकीतून दिसलं होतं. मी काही बोलले नाही. चोवीस तर चोवीस.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती आमच्याच तिसऱ्या मजल्यावर राहते. तिथली सून गोडा मसाला आणि मेतकूट विकते. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेते, डबे पोस्टाने पाठवते. मागे तिचं एक पार्सल वाटेत गहाळ झालं. ग्राहकाने पैसे परत मागितले, तिने निमूटपणे दिले. मग ती भरपाई मागायला गेली. स्पीड पोस्टचा वर्षानुवर्षं चालत आलेला हिशेब असा: उशीर झाला तर स्पीड पोस्टचं शुल्क परत, पार्सल हरवलं तर शुल्काच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, जे कमी असेल ते. आत मसाला होता की मंगळसूत्र, याच्याशी त्या हिशेबाला देणंघेणं नाही. शंभर रुपये शुल्क भरलं असेल तर हातात दोनशे.

"हा अन्यायच नाही का हो, काका?"

"१८९८ च्या कायद्यात पोस्टाने हात वर केले होते. तो कायदा गेला, १८ जून २०२४ पासून नवा आला. त्यातही नियमात असेल तेवढीच जबाबदारी. महागाची वस्तू असेल तर विमा उतरवायचा. काउंटरवर विचारायचं. कुणी विचारतच नाही!"

काकांच्या बोलण्यात खात्याबद्दल माया असते, ती गाळून घ्यावी लागते. पण एक गोष्ट त्यांनी कामाची सांगितली. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात मिसळून टाकलं. त्याची हळहळ करणारे बरेच भेटतात. पण त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टलाच रजिस्ट्रेशन जोडता येतं, पाच रुपये आणि वर जीएसटी. तेवढ्याच पैशात ओटीपीने डिलिव्हरी. म्हणजे ज्याच्या नावाचं आहे त्याच्याच हाती पडेल, वॉचमनच्या टेबलाखाली नाही. आमच्या वॉचमनच्या टेबलाखाली काय काय निघालंय ते काढलं तर संध्याकाळ पुरायची नाही. तिसऱ्या मजल्यावरची सून आता प्रत्येक डब्याला ओटीपी लावते, आणि तारीख कधीच सांगत नाही. "साधारण आठवडाभर" एवढंच. शहाणी आहे.

"आमच्या येळी व्ही.पी. असायची ना," काकूंना आठवलं. "सासरे पुस्तकं मागवायचे. पोस्टमन दारात, पैसे त्याच्या हातात, मग पाकीट."

तीच ती. १८७७ पासून चालत आलेली. आज कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतात आणि नवं काही काढल्यासारखी जाहिरात करतात. अनोळखी पेजवरून पंचवीस साड्या मागवताना हाच रस्ता धरायला हवा होता, असं माझं मत. काकूंच्या सुनेपुढे मात्र मी ते बोलणार नाही.

तरी काही उशीर असे असतात की त्यात ना विकणाऱ्याचा दोष, ना पोस्टाचा. २०२५ ची दिवाळी आठवा. माझ्या जाऊबाईंची लेक न्यू जर्सीत, तिला फराळ धाडायचा होता. अमेरिकेने २९ ऑगस्टपासून बाहेरून येणाऱ्या छोट्या पार्सलांची करमाफी काढली. जकात कुणी, कशी गोळा करायची हेच ठरेना, म्हणून आपल्या पोस्टाने २५ ऑगस्टपासून तिकडचं बुकिंग आवरतं घेतलं आणि मग थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला. वसुबारस होती १७ ला! वर जाहीर केलेल्या किमतीवर तेव्हा पन्नास टक्के जकात, तीही इथेच भरायची. जाऊबाईंनी चकल्यांचा डबा उघडून सगळ्या शेजाऱ्यांना वाटला आणि बेसनाचे लाडू कुणाच्या तरी बॅगेतून धाडले. शेजारी खूश, लेक रुसली.

इतक्यात काकूंचा मोबाईल वाजला. 'तुमचं पार्सल अपूर्ण पत्त्यामुळे अडकलं आहे, खालच्या लिंकवर पत्ता भरा.' काकूंचं बोट लिंकवर जाणार तोच काका ओरडले, "हात लावू नका!" पोस्ट असे मेसेज पाठवत नाही. पार्सलची वाट बघणारं माणूस उतावीळ असतं, हे चोरांना बरोबर ठाऊक. पाळण्याचंही तेच. आमच्या बिल्डिंगमध्ये एकीने जुना पाळणा विकायला काढला, तर समोरचा म्हणतो मी लष्करात आहे, पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करून यूपीआयचा पिन टाका. पैसे घ्यायला कधी पिन टाकावा लागतो का? ती वाचली, कारण चष्मा सापडत नव्हता. फसलंच कुणी तर लगेच १९३० ला फोन.

साड्यांचं मात्र गाडं अडलं होतं पुराव्यावर. पेजवालीने चॅट चोवीस तासांत आपोआप पुसलं जाईल असं लावून ठेवलेलं. 'बुधवारपर्यंत नक्की' हे वाक्य गेलं कुठे? शेवटी धाकट्या पुतणीकडे स्क्रीनशॉट निघाला. तिने तो साडीचा रंग मैत्रिणीला दाखवायला काढला होता. त्यात तारीख, वेळ, हात जोडलेलं चित्र, सगळं. काकांनी तिथेच उभ्याने १९१५ लावून दिला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार मराठीत घेतली.

"आणि नाहीच दिले पैसे तर? कोर्टात का?"

आपला जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला. बेलापूर डोळ्यांसमोर असलं तरी आपण रायगडात, त्यामुळे वडखळमार्गे अलिबाग. मात्र २०२५ च्या जानेवारीपासून ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार टाकता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. त्यामुळे काकूंनी अलिबागला जायचं झालंच तर किनाऱ्यावर जायचं, असं ठरलं.

तक्रारीचा नंबर मिळालाय, पेजवालीचा फोन अजून आलेला नाही. आला की भिंतीवरून कळेलच. तोवर तुमचंही काही भिवंडीत मुक्कामाला असेल तर एवढं करा: विकणाऱ्याने दिलेल्या तारखेचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. आयोगाकडे जायला दोन वर्षं असतात, चॅट चोवीस तासांत उडतं.