खारपाणपट्ट्यातील समुद्रशौकीन

वऱ्हाडातील हौशी माणसांच्या अनेक जातींपैकी, घरात खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी बाळगणारा शौकीन ही जात संख्येने विरळ, स्वभावाने चिवट आणि अभ्यासकांकडून आजवर दुर्लक्षित राहिलेली आहे. अमरावतीत साईनगर किंवा राठीनगर आणि अकोल्यात जठारपेठ किंवा गोरक्षण रोड अशा भागांत तिचा वावर असतो. व्यवसायाने हा गृहस्थ बहुधा कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, बँकेतील अधिकारी किंवा औषधविक्रेता असतो, आणि चाळिशी उलटून घराच्या कर्जाचे शेवटचे हप्ते दिसू लागल्यावरच त्याला समुद्राची ओढ लागते. समुद्र येथून रेल्वेने सहाशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे, आणि ही ओढ टिकून राहण्याचे तेच मुख्य कारण असावे, कारण अलिबागच्या माणसाला दिवाणखान्यात समुद्र ठेवावासा वाटल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.

या ओढीचे मूळ शोधू गेल्यास ते शालेय सहलीत सापडते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय हे राणीच्या बागेइतकेच सहलीचे ठरलेले ठिकाण होते, आणि काचेपलीकडून आपल्याकडे रोखून पाहणारा रंगीत मासा पाहून परतलेल्या मुलाच्या मनात काहीतरी अर्धवट राहून गेले, असे अनुमान काढता येते. पुढे २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने त्याच्या मुलांचेही मत तयार केले. मधल्या काळात गप्पी, गोल्डफिश आणि वास्तूसाठी चांगला म्हणून कोणीतरी गळ्यात मारलेला फ्लॉवरहॉर्न असे गोड्या पाण्याचे टप्पे पार पडलेले असतात, आणि त्या टप्प्यांवरच जो थांबला तो शहाणा होय, असे त्याच्या पत्नीचे मत असते.

खाऱ्या पाण्याचा विचार सुरू होताच वऱ्हाडाचा भूगोल आडवा येतो. पूर्णा नदीच्या गाळाच्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव अशा तालुक्यांतून जो पट्टा जातो, त्यातील भूजल खारट असल्याने त्याला खारपाणपट्टा म्हणतात. चिकण मातीच्या खोल थरांतून पाण्याचा निचरा होत नाही आणि क्षार तेथेच साचून राहतात, त्यामुळे विहीर असूनही ओलीत करता येत नाही आणि पिण्याचे पाणी वान धरणासारख्या दूरच्या साठ्यांवरून नळाने आणावे लागते. अशा मुलखात बाजारातून मीठ विकत आणून पाणी खारे करणारा मनुष्य हा चर्चेचा विषय होणारच. “आमच्या इहिरीचं पानी काय कमी खारट हाये? तेच टाका ना बावा,” असा सल्ला गावाकडचे आप्त देतात, आणि तो वरवर बिनतोड वाटतो. परंतु समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर खारपाणाच्या विहिरीत ते सहसा काही ग्रॅमच भरतात. म्हणजे जे पाणी हरभऱ्याला खारट ते क्लाउनफिशला गोड. शिवाय क्षारांचे प्रमाणही वेगळे असते, कारण समुद्रात मीठ म्हणजे केवळ सोडियम क्लोराइड नव्हे, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर मूलद्रव्येही त्यात ठराविक हिशेबाने असतात. लोणार सरोवराचे नावही एखादा उत्साही मेहुणा सुचवतोच. तेथील पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचे माप, दहाच्या आसपास आहे आणि समुद्राचा आठाच्या किंचित वर, तेव्हा त्या पाण्यात मासा सोडणे म्हणजे त्याला धुण्याच्या सोड्यात सोडणे होय. परिणामी हा शौकीन आरओ यंत्रातून बोअरच्या पाण्यातले सगळे क्षार काढून टाकतो, मग त्यात पुण्या-मुंबईहून मागवलेले सागरी मीठ मोजून घालतो आणि घनतामापकावर १.०२५ हा आकडा दिसला की कृतकृत्य होतो. खारे पाणी गोडे करून पुन्हा खारे करण्याचा हा उद्योग त्याच्या आईला, जिचे माहेर दर्यापूरकडचे असते आणि जिने गोड्या पाण्यासाठी डोक्यावर हंडे वाहिलेले असतात, कधीही समजावून देता आलेला नाही, आणि या बाबतीत न्याय आईच्याच बाजूने आहे.

पेटी लहान असते, कारण दिवाणखाना लहान असतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा पेटीत कागदावर ८५ लिटर पाणी मावते, परंतु वाळू आणि दगड घातल्यावर ते ७० लिटरांच्या आत येते, आणि पाणी जितके थोडे तितके ते लवकर बिघडते, हा या छंदातला पहिला व सर्वांत उशिरा कळणारा नियम आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया हे विष तयार होते. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच, आणि दुसरे जिवाणू त्याचे बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांवर पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढा काळ दिव्यांनी उजळलेल्या पेटीत मीठपाणी आणि दगड यांखेरीज काहीही नसते. “मासे कुटी हायेत हो?” असे शेजारी रोज विचारतात; शौकीन या जिवाणूंच्या चक्राला उद्देशून ‘सायकल चालू आहे’ असे उत्तर देतो, आणि गल्लीत त्याच्याविषयी काळजीचा सूर उमटू लागतो.

त्यानंतर निवड येते, आणि या माणसाचे खरे रूप तेथेच प्रकट होते. मासा निवडण्याची त्याची रीत स्थळ पाहण्याच्या रीतीशी तंतोतंत जुळते: अंतिम उंची किती, खाणेपिणे काय, स्वभाव कसा, आधीच्या माणसांशी पटेल का, ही सारी चौकशी यथासांग होते आणि शेवटी निर्णय मात्र रूपावर होतो. चित्रपटातला निळा ब्लू टँग मुलांच्या हट्टाखातर पहिल्याच यादीत असतो. तो वाढून सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे पेटीच्या निम्म्या लांबीचा होतो, हे कळल्यावर मुलांना आणि त्याहून अधिक वडिलांना वाईट वाटते. लायनफिश दिसायला राजबिंडा, परंतु त्याच्या काट्यांत विष असते आणि तोंडात मावणारा प्रत्येक शेजारी तो गिळतो. मँडरीन या माशाच्या अंगावर पैठणीच्या पदरात शोभावेत असे रंग असतात, परंतु तो दिवसभर दगडांवरचे अतिसूक्ष्म जिवंत कवचधारी जीव वेचत असतो आणि लहान, नव्या पेटीत ते पुरत नसल्याने डोळ्यांदेखत खंगत जातो. समुद्रघोड्याचा विषय वन्यजीव संरक्षण कायद्यापाशी संपतो, कारण २००१ पासून तो संरक्षित प्राण्यांत मोडतो; प्रवाळाचेही तेच.

नकार देणे ज्याला जमते तोच या छंदात टिकतो, आणि नकार देणे वऱ्हाडी माणसाला जन्मजात जमत नाही. म्हणूनच बहुतेक शौकीन पहिल्या खेपेस डॅमसेल आणतात: मासा स्वस्त, निळाशार, काटक, आणि दुकानदार त्याची तोंडभरून शिफारस करतो. डॅमसेल खरोखरच मरत नाही. तो पेटीचा सातबारा आपल्या नावावर असल्यासारखा वागतो, नंतर येणाऱ्या प्रत्येकाची शेपटी कुरतडतो, आणि त्याला बाहेर काढायचे तर सगळे दगड उपसावे लागतात. रविवारी कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात बुडालेला, हातात जाळी धरलेला आणि सकाळी नऊ वाजता सुरू केलेले काम दुपारी दोनपर्यंत लांबवलेला मनुष्य हे या जातीचे सर्वाधिक परिचित दृश्य आहे. दरम्यान डॅमसेल शेवटच्या दगडाच्या भोकात बसून त्याच्याकडे पाहत असतो.

या शिक्षणानंतर जी यादी उरते ती आखूड आणि शहाणी असते. पहिली पसंती क्लाउनफिशच्या जोडीला, तीही शक्यतो समुद्रातून न पकडता कृत्रिम प्रजननातून वाढवलेल्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेसारख्या संस्थांनी हे तंत्र भारतात बसवले आहे आणि ठाणे खाडीकाठी ऐरोली येथेही अशी पैदास होते. अशी पिल्ले कोरड्या गोळीखाद्याला सरावलेली असतात. क्लाउनफिश आणि समुद्रफूल यांचे सख्य प्रसिद्ध असले, तरी समुद्रफुलाला प्रखर प्रकाश व मुरलेले पाणी लागते आणि मासा त्याच्यावाचून सुखाने जगतो. या जातीत आरंभी सगळेच नर असतात. जोडीतला मोठा तो मादी होतो, आणि मादी मेल्यास उरलेला नर स्वतःच मादी बनतो. ही माहिती शौकीन प्रत्येक पाहुण्याला उत्साहाने देतो, तेव्हा खोलीत क्षणभर शांतता पसरते आणि कोणीतरी चहा टाकायला उठते. जोडीला एखादा छोटा गोबी आणि पिस्तूल कोळंबी ठेवता येते: कोळंबीला फारसे दिसत नाही, ती वाळूत बीळ खणते, गोबी दाराशी पहारा करतो आणि ती सतत आपली मिशी त्याच्या अंगावर टेकवून ठेवते. तिसरा उमेदवार फायरफिश. मासा गरीब, परंतु घाबरला की उडी मारतो, म्हणून पेटीवर जाळीचे झाकण हवे, अन्यथा तो सकाळी सोफ्याखाली सापडतो.

माशांचे आगमन मुंबईहून रात्री निघणाऱ्या अमरावती एक्स्प्रेसने, खालच्या बर्थखाली ठेवलेल्या थर्माकोलच्या खोक्यात होते. बंद पिशवीतील पाणी श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने किंचित आम्ल होते आणि त्यामुळे साठलेल्या अमोनियाचा जोर कमी राहतो, पण पिशवी उघडून हवा लागली की तो वाढतो, त्यामुळे मूर्तिजापूरच्या आसपास सहप्रवाशाने “उघडून दाखवा ना भाऊ, हे खाचे हायेत का नुसते पाहाचे?” असा आग्रह धरल्यास तो मोडण्याचे धैर्य शौकिनाला दाखवावे लागते. घरी आल्यावर अधिक मोठी परीक्षा असते. पाहुण्याला पोटभर वाढल्याखेरीज या प्रदेशात कोणाचे समाधान होत नाही, आणि माशाला तर चिमूटभर खाद्य, तेही दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यायचे असते. आजीच्या हातून पडलेली शेव, मुलांनी चोरून टाकलेला बिस्किटाचा चुरा आणि स्वतः शौकिनाने मायेने दिलेला जादा घास यांनी वऱ्हाडात जितके सागरी मासे मेले असतील, तितके रोगाने खचितच मेलेले नाहीत.

मे महिना हा वेगळाच अध्याय आहे. बाहेर पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पेटीला २४ ते २७ अंश हवे असतात. पंख्याचा वारा दिल्यास पाणी थंड होते, परंतु त्याची वाफ होते आणि मीठ मागे राहते, म्हणून रोज गोडे पाणीच ओतावे लागते. खाऱ्या पेटीत गोडे पाणी ओतणाऱ्या मुलाला पाहून आई पुन्हा डोक्याला हात लावते. वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी पेटीचा पंप चालतो, मग माणसांचा पंखा. अखेर घरातला एकमेव एसी पेटीच्या खोलीत बसतो, आणि पंधरवड्याच्या आत निम्मे नातेवाईक व शेजारी दुपारी त्या खोलीत सतरंज्या टाकून आडवे होतात. उन्हाळ्यात प्रवास झेपत नाही म्हणून तिसऱ्या माशाचा निर्णय पावसाळ्यावर ढकललेला असतो, त्यामुळे आडव्या झालेल्या प्रत्येकाला आपली सूचना मांडण्यास भरपूर सवड मिळते. भाच्याला शार्क हवा असतो, काकूंना ईशान्येकडे तोंड करून राहणारा सोनेरी मासा हवा असतो, आणि शेजारचे आजोबा मरळ आणायला सांगतात, कारण ती चिखलातही जगते आणि तिला ना मीठ लागते ना एसी. मरळ गोड्या पाण्यातली आहे आणि पेटीतले बाकी सगळे ती खाऊन टाकील, असे शौकीन शास्त्रोक्त पद्धतीने समजावून सांगतो. आजोबा ते शांतपणे ऐकून घेतात आणि कूस बदलत म्हणतात, “मंग आपन तिले खाऊ.”